पुसलेले फोटो

आमच्या बैठकीत वर्षभर कुंदाचा फोटो लागला होता, आणि तो कुंदाचा नव्हता.

हे मी कोणाला बोललो नव्हतो. माझी बायको कुंदा मागच्या श्रावणात गेली. पाच दिवस ताप, यवतमाळला भरती, आणि सहाव्या दिवशी आम्ही तिला घेऊन परत राळेगावला आलो. तेराव्याला फोटो पाहिजे होता. माझी मुलगी अपेक्षा हिनं रडत रडत एका लग्नातला घोळक्याचा फोटो शोधून काढला. त्यात कुंदा तिसऱ्या रांगेत होती, चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. अपेक्षानं तो मोबाईलमधल्या कुठल्याशा ॲपमध्ये टाकला. ॲपनं चेहरा मोठा केला, आणि जे त्याला दिसत नव्हतं ते आपल्या मनानं भरलं. रंग उजळ केला. समोरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, तो सरळ केला. दोन भुवयांमधली उभी आठी पुसून टाकली. फोटोतली बाई छान आहे, हसते आहे. कोण आहे, मला माहीत नाही.

मी स्वतः फोटोग्राफर आहे. बस स्टँडच्या मागे एकतीस वर्षांपासून माझा स्टुडिओ आहे. अर्ध्या तालुक्याचे चेहरे मी टिपले, आणि बायकोचा एक नीट फोटो घरात नव्हता, हे सांगायची लाज वाटते. पण दोघंही एकाच कामात असले की असंच होतं. एक जण कॅमेऱ्यामागे, दुसरा लाईट धरून. कुंदा लाईट धरायची.

फोटो काढायचो मी, पण बनवायची ती. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो 'बनवतात'. लोक आधार कार्ड आणतात, नाहीतर मतदानाचं कार्ड, आणि त्यावरून भिंतीवर लावायचा मोठा फोटो करून मागतात. कुंदा पहिले ब्रशनं आणि शाईनं करायची, मग कॉम्प्युटरवर, आणि शेवटची सहा-सात वर्षं मोबाईलवर. स्वयंपाक करता करता यूट्यूबवर शिकली. सूर्य किती वाजता कुठे असेल हे दाखवणारं एक ॲप तिच्याकडे होतं. बेंबळा धरणावर नवरा-नवरीचे फोटो काढायला गेलो की ती मोबाईल आभाळाकडे धरून मला सांगायची, "इथं नाही, तिथं उभं करा त्यायले." मी तिथं उभं करायचो. "तुमी फक्त बटन दाबता," असं म्हणायची. खरंच होतं ते.

आषाढात कुंदाची मोठी बहीण बेबीताई हिचा मुकुटबनवरून फोन आला. वर्षश्राद्धाला कोण कोण येणार ते सांगून झालं, तरी ती फोन ठेवेना.

"नीळकंठराव, एक बोलू का?"

"बोला नं."

"तेराव्याले मी त्या फोटोपाशी बसली होती. म्हटलं, बहिणीशी दोन शब्द बोलावं. पन बोलताच नाही आलं. ओळखच लागे ना. यावेळी तरी मले तिले पाहू द्या."

मी हो म्हटलं. महिना होता हातात.

त्याच आठवड्यात तानाबाई आल्या होत्या. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे बापूजी म्हणत, ते नुकतेच गेले होते. आधार कार्ड देऊन त्या गेल्या, आणि मी अपेक्षानं शिकवलं होतं तसंच केलं. त्याच ॲपमध्ये टाकलं, बटन दाबलं. तानाबाई न्यायला आल्या. फोटो उन्हाकडे धरून पाहिला.

"हे कोन होय?"

"बापूजी."

"हे? हे तं आमदाराचे व्याही दिसते!" त्या हसल्या. मग हसता हसता पदर डोळ्याला लावला. "भाऊ, यायच्या गालावर खड्डे होते. देवीचे. लग्नात माही माय ते पाहून रडली होती. मले पंचेचाळीस वर्षं सवय झाली त्यायची. आन तुमी बुजवून टाकले."

"पुन्हा करून देतो, तानाबाई."

"कुंदाताईनं माह्या सासूचा फोटो बनवला, तवा मले तीनदा बोलावलं. सासूच्या कानाची पाळी फाटेल होती. मी म्हटलं, शिवून टाक वं फोटोत. तं म्हने, शिवली तं मंग ते तुमची सासू नाही राहत. अशी बाई होती ते."

त्या गेल्यावर मी कुंदाचा मोबाईल कपाटातून काढला. वर्षभर चार्ज करायचो आणि ठेवून द्यायचो. त्या दिवशी पहिल्यांदा उघडला. यूट्यूबवर तिनं जपून ठेवलेले व्हिडिओ होते, त्रेचाळीस. जुना फोटो साफ कसा करायचा, सावली कशी काढायची, डोळे न बदलता चेहरा कसा उजळायचा. शिकवणारा मुलगा हिंदीत भराभर बोलत होता. मी वेग अर्धा केला, तर तो दारू प्यायल्यासारखा बोलायला लागला, पण समजायला लागलं. वही घेऊन बसलो. स्नॅपसीड नावाचं एक फुकटचं ॲप ती वापरायची. त्यात आपण सांगू तेवढंच होतं. चेहरा मोठा करून बोटानं एकेक डाग काढायचा, आणि जो काढायचा नाही त्याला हात लावायचा नाही.

बापूजींच्या फोटोला मला चार दिवस लागले. खड्डे सगळे ठेवले. तानाबाईंनी फोटोवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "हां. हेच. आता फक्त घरी नेल्यावर चहा मागाचे राह्यले."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आधार कार्डावरचा फोटो कितीही वाईट असला तरी तो बापूजींचा होता. चेहरा खरा असला की ॲप कामाचं. चेहराच नसला, तर ते दुसरं माणूस आणून बसवतं. मला कुंदाचा एक खरा चेहरा पाहिजे होता, आणि तो माझ्याकडे नव्हता.

त्या त्रेचाळीसमधला एक व्हिडिओ पुसलेले फोटो परत आणण्याचा होता. तो तिनं का जपून ठेवला ते मला चांगलं माहीत होतं. एका वर्षी माझ्या हातून कॅमेऱ्यातलं कोणाच्या तरी लग्नाचं अख्खं मेमरी कार्ड साफ झालं होतं. मी डोकं धरून बसलो. कुंदानं दोन दिवस कॉम्प्युटरसमोर बसून सगळे फोटो परत आणले. फोटो पुसला म्हणजे जात नाही, तिनं मला समजावलं होतं. त्या जागेवर दुसरा फोटो येऊन बसेपर्यंत तो तिथंच राहतो.

आणि पुसलेले फोटो तर माझ्याकडे कुंदाचेच होते.

हे जरा सांगावं लागेल. गिऱ्हाईक आत येण्याआधी मी कुंदाला स्टुलावर बसवायचो. ती हनुवटीखाली एक पांढरा कागद धरायची. मी एक फोटो घ्यायचो, उजेड आणि रंग बरोबर येतो का पाहायचो, आणि लगेच पुसायचो. कार्डात जागा कमी असायची. अंगठ्याला सवयच लागली होती. डिजिटल कॅमेरा आल्यापासून रोज दोनदा-तीनदा हेच. राळेगावात कोणत्याच नवऱ्यानं बायकोचे एवढे फोटो काढले नसतील, आणि एवढे पुसलेही नसतील.

जुनी लहान कार्डं मी फेकली नव्हती. कॅमेऱ्याच्या बॅगेच्या कप्प्यात अकरा निघाली.

अपेक्षा यवतमाळला एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. रविवारी पहिल्या बसनं आली, लॅपटॉप घेऊन. मी तिला फोनवर एवढंच म्हटलं होतं की आईचे जुने फोटो शोधायचे आहेत. चहा पिता पिता ती म्हणाली, "बाबा, मी बनवलेला आईचा फोटो तुम्हाले आवडला नाही नं?"

"तुले कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले पाहिजे? बैठकीत तुम्ही त्या भिंतीकडं पाठ करून बसता."

मी कप खाली ठेवला.

"मी घाईत केलं, बाबा. मले बी नंतर पाहवलं नाही. पन काढा म्हणायची हिंमत नाही झाली. वाटलं, तुम्हाले वाईट वाटेल."

"तू नसता केला तर त्या दिवशी भिंत रिकामी राह्यली असती," मी म्हटलं. "रिकामी भिंत मले पाहवली नसती, बेटा."

ती उठून चुलीकडे गेली आणि उगाच भांडी लावत बसली. मग आली आणि पहिलं कार्ड लावलं.

पुसलेले फोटो परत आणायचं ते सॉफ्टवेअरही फुकटचंच. पण धीर पाहिजे. एका कार्डाला तास, कधी दीड तास. फोटोंची नावं गेलेली असतात, नुसते आकडे येतात. पासपोर्टचे चेहरे, बारशाचे पाळणे, शाळेचे वर्ग. दोन कार्डं वाचलीच गेली नाहीत. तिसऱ्यात कुंदा निघाली. अर्धी. वर तिचं कपाळ आणि डोळे, खाली कोण्या नवरदेवाची शेरवानी आणि हार.

अपेक्षा आधी दचकली, मग खो खो हसली. "आईनं पाह्यलं असतं तं म्हणाली असती, शेरवानी बरी दिसून राह्यली मले."

दुपारपर्यंत कुंदाचे चौदा फोटो निघाले. बहुतेक तुटके. खालचा भाग करडा, नाहीतर दुसऱ्याच माणसाचा. एकात डोळे मिटलेले. एकात तोंड उघडं, मला काहीतरी बोलत असलेली. एकात नुसता कागद, मागे कुंदा नाहीच. सात कार्डं झाली, आठ झाली. मला वाटायला लागलं की बेबीताईला काय सांगायचं ते ठरवून ठेवावं.

पूर्ण फोटो दहाव्या कार्डात होता.

कुंदा स्टुलावर बसली आहे. केस नीट बांधलेले नाहीत. चष्मा डोक्यावर सरकवलेला. टिकली नाही, बहुतेक हात-तोंड धुऊन तशीच आली होती. दोन्ही हातांनी हनुवटीखाली कागद धरला आहे. आठी जागेवर आहे, दातावरचा दात जागेवर आहे. कॅमेऱ्याकडे पाहत नाही, त्याच्या थोडं वर पाहते. म्हणजे माझ्याकडे. आता आटपा, गिऱ्हाईक बाहेर उभं आहे, असं.

अपेक्षानं माझ्या दंडावर डोकं टेकलं.

थोड्या वेळानं मी म्हटलं, "पिवळा आहे."

फोटो फारच पिवळा होता. तेव्हा स्टुडिओत साधे बल्ब होते. कुंदा कावीळ झाल्यासारखी दिसत होती.

"तो कागद काढून टाकू का?" अपेक्षा म्हणाली. "बोट फिरवलं की जाते. मागं साडी भरून देते ॲप. टिकली बी लावता येते. मावशीले बिनटिकलीचा नाही चालणार."

तिनं फोटो मोबाईलवर घेतला, बोट कागदावर नेलं, आणि मी तिचा हात धरला.

कागद कशाला असतो ते अपेक्षाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मीसुद्धा पंधरा वर्षं पाहून पाहून विसरलो होतो. फोटोत एखादी वस्तू खरोखर पांढरी आहे हे कळलं, की बाकी सगळे रंग बरोबर लावता येतात. कुंदा त्याचसाठी तो धरून बसायची. स्नॅपसीडमध्ये त्यासाठी ड्रॉपरचं, औषधाच्या नळीसारखं चिन्ह आहे, व्हिडिओ नंबर नऊ. मी ते उघडलं, ड्रॉपर तिच्या हातातल्या कागदावर नेला आणि सोडला.

पिवळेपणा गेला. हिरव्या साडीचा हिरवा आला. आणि कुंदाचा रंग आला, सावळा, नाकाजवळ जरा गडद, उन्हाळ्यात व्हायचा तसा. मी काहीच केलं नव्हतं. तिनंच केलं होतं.

"आई," अपेक्षा म्हणाली.

बाकी काही बदलायचं नाही, हे आम्ही दोघांनी तिथंच ठरवलं. बारा बाय अठराचा प्रिंट काढला. आधीचा फोटो अपेक्षानं स्वतः उतरवला आणि कागदात गुंडाळून आपल्यासोबत नेला. तिच्या हातचा होता, तिच्याकडे राहू द्यावा असं मलाही वाटलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी बेबीताई सकाळीच आली. पायावर पाणी घेतलं, बैठकीत आली आणि थांबली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, पुढे जायचा धीर झाला नाही. चष्मा डोक्यावर, केस विस्कटलेले, कपाळ मोकळं. श्राद्धाला असा फोटो कोणी लावत नाही. चार बाया काय म्हणतील, ते मला माहीत होतं.

बेबीताई फोटोसमोर खाली बसली. बराच वेळ पाहत राहिली.

"काय वं," ती फोटोला म्हणाली, "लोकं येऊन राह्यले आन तू अशी बसली! टिकली तरी लावा लागे."

मग तिनं ताटातल्या करंड्यातून बोटावर कुंकू घेतलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि काचेवर, बरोबर आठीच्या वर, लावलं. आणि तिथंच बसून मुकुटबनच्या गोष्टी सांगायला लागली. कोणाच्या सुनेला काय झालं, कोणाच्या शेतात सोयाबीन कसं आहे. हळू आवाजात, मध्ये मध्ये थांबून, जसं समोरचं माणूस ऐकतं आहे तसं.

मी आत गेलो आणि अपेक्षाला म्हटलं, मावशीला आत्ताच जेवायला बोलावू नको. बोलून राह्यली ते.