सवतीची ओटी

माझ्या सासूबाईंना सवत होती, हे आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. कारण त्या स्वतःच सांगायच्या. नेरूळच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या आणि आठवड्याभरात त्यांनी खालच्या विमलबाईंना सांगून टाकलं, "माजी सवत लई लांब ऱ्हाती बया. समुद्रात. उंच हाय, गोरीपान हाय, अन् रातभर डोळा मिटत न्हाई." विमलबाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. मग मला खाली जाऊन समजवावं लागलं, की अहो, बाई नाही, दीपगृह आहे.

माझे सासरे हौसेराव साताऱ्याकडचे, पण नोकरी दीपगृह खात्यात. तरुणपणी त्यांची बदली मिनिकॉयला झाली. लक्षद्वीपमधलं अगदी खालच्या टोकाचं बेट. एकटेच गेले. पाच वर्षं तिथला दिवा सांभाळला, वर्षातून एकदा सुट्टीला घरी. गावातल्या बायका आईंना चिडवायच्या, "सत्यभामे, तुजा नवरा बत्तीच्या नादाला लागला गं!" नावच सत्यभामा म्हटल्यावर सवत नशिबात असणारच. पुढे सासरे परत आले, रिटायर झाले, वारले. पण आईंच्या डोक्यातून ती बत्ती काही गेली नाही.

"एकदा तिला ह्या डोळ्यांनी बघायची हाय," त्या म्हणायच्या. "अन् तिची वटी भरायची. पाच वर्सं माजा माणूस जपला तिनं, वादळात, पावसात. वाईट न्हवती गं."

शहाण्णव साली आमच्या ह्यांची, म्हणजे नंदकुमारांची, एलटीसी आली. चार वर्षांतून एकदा सरकारी नोकराला देशात कुठंही फिरायला मिळतं. मागच्या खेपेला उटी झालं होतं. या वेळी ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, कोचीहून बोटीची ट्रिप असते, पाच दिवसांची. झोपायचं बोटीवर, दिवसा बेटावर उतरून फिरायचं. एक दिवस कवरत्ती, एक दिवस कल्पेनी, एक दिवस मिनिकॉय. हे घरी येऊन तिसरं नाव उच्चारतात तोच आई देवघरातून उठून बाहेर आल्या. बहात्तर वर्षांची बाई, गुडघे धरलेले, पण अशी उठली की सई म्हणाली, "आज्जी, हळू!" सई म्हणजे आमची लेक, तेव्हा सातवीत होती.

मग तयारी. हिरवा खण हवा होता, गोरीला हिरवा शोभतो म्हणून. नेरूळात मनासारखा मिळेना, मी वाशीला चार दुकानं पालथी घातली. नारळ मात्र आईंनी स्वतः कानाशी हलवून घेतला. हे हसले, "आई, तिथं नारळच नारळ आहेत गं. इथून कशाला नेतेस?"

"तिच्याच दारातला नारळ तिच्याच वटीत घालायचा व्हय? शोभतंय का?"

आणि एक गोष्ट त्यांनी मला आत बोलावून सांगितली. "मी भरायची न्हाई. माजं कपाळ असं. तू सवाष्ण हाईस, तू भर. मी शेजारी उभी ऱ्हाऊन बघीन."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आई, मी असलं काही मानत नाही. पाच वर्षं तुम्ही काढलीत, तुम्हीच भरा."

"तू नगं मानू. मी मानती," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

बोट छान होती. आम्हाला चौघांची केबिन, लोखंडी पलंग, भिंतीत गोल खिडकी. बेटाजवळ पाणी उथळ, त्यामुळे मोठी बोट लांबच उभी राहायची आणि किनाऱ्यावरून छोट्या होड्या यायच्या. बोटीच्या कुशीत एक दार होतं. तिथं दोन खलाशी दोन्ही दंड धरून उभं करायचे आणि लाटेनं होडी वर आली की "जंप!" म्हणून ओरडायचे. माझी पहिल्या दिवशी पाचावर धारण बसली. आईंनी मात्र नऊवारीचा कासोटा आवळला आणि बांधावरून उतरावं तशा होडीत उतरल्या. खलाशांनी टाळ्या वाजवल्या. कवरत्तीला काचेच्या तळाची होडी होती, खाली रंगीत मासे. सई वेडी झाली. आई म्हणाल्या, "झ्याक हाय. पर मिनिकॉय कवा?" कल्पेनीला आम्ही गुडघाभर निळ्या पाण्यात तासभर बसलो. आई म्हणाल्या, "उद्याच ना?"

त्या संध्याकाळी बोट डोलायला लागली आणि आईंना ओकाऱ्या सुरू झाल्या. रात्री जेवल्या नाहीत, नुसतं कपभर पाणी. उद्या उतरता आलं नाही तर, या धसक्यानं त्या एवढ्याशा झाल्या होत्या. मी सगळ्यांना बजावलं, "सकाळी उठल्या उठल्या आईंना उलटीची गोळी द्यायची. विसरू नका."

कुणीच विसरलं नाही, तेच नडलं.

ह्यांनी सहाला चहाबरोबर एक गोळी दिली आणि डेकवर गेले. सईनं जागी झाल्यावर एक दिली, कारण मी सांगितलं होतं, आणि तोंड धुवायला गेली. मी आंघोळ करून आले, बघते तर दोघंही गायब. मनात म्हटलं, ह्या घरात एक काम कुणी आपणहून करेल तर शपथ! आणि फणकाऱ्यानं एक गोळी आईंच्या हातावर ठेवली. त्यांनी ती निमूट गिळली. माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा.

आठ वाजता बोट थांबली. खिडकीतून माडांची रांग दिसत होती आणि तिच्यावर डोकं काढून उभा पांढरा मनोरा. मी ओरडले, "आई, बघा, आली तुमची सवत!"

आई झोपल्या होत्या. नेसून-सवरून, पिशवी उशाशी घेऊन, खण-नारळावर हात ठेवून.

मी हलवलं. ह्यांनी हलवलं. तोंडावर पाणी मारलं. डोळे अर्धे उघडायच्या, "आले, आले," म्हणायच्या आणि परत मान टाकायच्या. तेव्हा सई म्हणाली, "मी तर गोळी पण दिली होती." हे म्हणाले, "तू दिलीस? मी दिली होती." आणि तिसरी मी! रिकाम्या पोटावर तीन गोळ्या! बारभाईंची खेती, दुसरं काय?

बोटीवरच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, प्रेशर बघितलं. म्हणाले, घाबरायचं कारण नाही, झोप पुरी झाली की उठतील, पण या अवस्थेत होडीत मुळीच उतरवायचं नाही. मी त्यांच्याशी भांडले. मोडक्या हिंदीत भांडले, मराठीत भांडले. उचलून नेऊ म्हटलं, खुर्चीला बांधून नेऊ म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "लाट आली आणि त्यांना उडी मारता आली नाही तर?"

दहा वाजले. अकरा. होड्या भरून जात होत्या. कॉफी आणून पाजली, ती ओठांवरून ओघळली. साडेअकराला खलाशी येऊन सांगून गेला, जाणारी शेवटची होडी. चारला बोट सुटणार.

"तू जा," हे म्हणाले.

"मी? आई तुमची, वडील तुमचे. तुम्ही जा. मी बसते."

"मी जाऊन काय करू, अरुणा? ओटी मी भरू?" त्यांचा आवाज फाटला. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, हा माणूस माझ्यासमोर कधी रडला नव्हता. "सवाष्ण तू आहेस. निदान तेवढं तरी होऊ दे."

आईंच्या हाताखालून मी पिशवी काढून घेतली. बोटं घट्ट होती, एकेक सोडवावी लागली. चोरी केल्यासारखं वाटलं मला.

मिनिकॉयबद्दल लोक विचारतात, काय काय बघितलं. बरोबरचे सगळे माशांच्या कारखान्यात गेले, गावातल्या लांबलचक रंगीत होड्या बघायला गेले. मी सईचा हात धरून माडांतून तरातरा चालत सुटले. मनोरा जवळ येईल तसा वर वर गेला. पायथ्याशी उभं राहून वर बघितलं तर मान मोडायची वेळ आली. तिथला ड्यूटीवरचा तरुण भला होता. त्याला मराठी येईना, मला मल्याळम. मी खण दाखवला, नारळ दाखवला, हात जोडले. तो काय समजला देव जाणे, पण चप्पल काढून बाजूला उभा राहिला.

दीपगृहाची ओटी भरायची तरी कुठं? त्याला ना पदर, ना ओटी. शेवटी पहिल्या पायरीवर खण पसरला, त्यावर तांदूळ, नारळ, हळद-कुंकू. शेजारी उभ्या राहून बघायला आई नव्हत्या. म्हटलं, बाई गं, जिनं पाठवलंय ती झोपलीय. आम्ही झोपवलीय. तू तरी आमच्यावर रागावू नकोस. आणि मी, असलं काही न मानणारी बाई, तिथं हमसून हमसून रडले.

मग वर चढलो. आत गारवा होता, ताज्या चुन्याचा वास होता. लोखंडी कठडा हाताला गार लागत होता. सई पायऱ्या मोजत होती, शंभराच्या पुढं कुठंतरी विसरली. वरून आमची बोट दिसली, खेळण्याएवढी. त्यातल्या एका गोल खिडकीमागे आई झोपल्या होत्या.

परत आले तेव्हाही झोपल्याच होत्या. चारला इंजिन सुरू झालं, बोट थरथरली, आणि त्या थरथरीनं त्यांनी डोळे उघडले. अगदी स्वच्छ उघडले. उशाशी हात फिरवला, पिशवी नव्हती.

"आलं का मिनिकॉय?"

हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सई माझ्यामागे लपली. एरवी माझी जीभ कुणाला ऐकत नाही. त्या वेळी कसंबसं म्हटलं, "गेलं, आई."

आम्ही त्यांना धरून डेकवर नेलं. बेट अजून दिसत होतं, मनोराही दिसत होता. पण ऊन नेमकं तिकडूनच येत होतं आणि आईंचा एकच डोळा चालायचा, दुसऱ्यात मोतीबिंदू. मी बोटानं दाखवलं, ह्यांनी त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून वळवलं. "तो बघ आई, तो पांढरा, माडांच्या वर!" त्या डोळ्यांवर हात धरून किती वेळ बघत राहिल्या.

"मला नुसतं पाणीच चमकताना दिसतंय रं," म्हणाल्या.

मला स्वतःचा इतका राग आला, की मी त्यांच्यावरच ओरडले. "तीन तीन गोळ्या घेतल्यात तुम्ही! एकदा तरी सांगायचं ना, झाली म्हणून! नाही म्हणता येत नाही का तुम्हाला?"

"तुमी परेमानं देत हुता," त्या म्हणाल्या. "माजं मेलीचंच चुकलं."

त्यापेक्षा त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

बेट दिसेनासं झाल्यावर त्यांनी मला शेजारी बसवलं. "वटी भरलीस?"

"भरली."

"दिसायला कशी हाय?"

मी सगळं सांगितलं. मान मोडेपर्यंत उंच. गारवा. चुन्याचा वास. कठडा. चप्पल काढून उभा राहिलेला पोरगा. त्या मधूनमधून विचारत होत्या, "कठडा कुठल्या हाताला?" "वाऱ्याचा आवाज यतो का आत?" मी आठवून आठवून सांगत होते. आईंनी ओठ हलवत एकेक शब्द मनात ठेवला, पाढे पाठ करावेत तसा. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

नेरूळला परतलो, त्या रविवारी विमलबाई आणि बिल्डिंगमधल्या चार-पाच बायका आल्या. सवतीची हकीकत ऐकायला! मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. आता सगळ्यांसमोर निघणार, सुनेनं सासूला गोळ्या देऊन झोपवलं. आणि खरंच होतं ते, मी काय तोंड वर करून बोलणार होते?

बाहेरून आईंचा आवाज आला. "लई उंच बया. वर बघताना मान मोडती. आत असा गारवा, अन् चुन्याचा वास. डाव्या हाताला लोखंडी कठडा, गार गार. पायऱ्या मोजत चालले हुते, शंभराच्या म्होरं इसरले बघा, म्हातारपण!"

सईची चूकसुद्धा त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली होती.

"अन् ओटी?" कुणीतरी विचारलं.

"सुनंनं भरली. मी शेजारी उभी हुते. व्हय की न्हाई गं, अरुणा?"

मी ट्रे घेऊन दारात उभी. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. "हो," म्हटलं मी.

मी ट्रे टेकवला तसा विमलबाईंनी कप उचलला. "आणि मग काय वाटलं हो, सत्यभामाबाई? इतक्या वर्षांनी सवत समोर बघून?"

आई बोलायला गेल्या आणि थांबल्या. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. परीक्षेत धड्याबाहेरचा प्रश्न आल्यावर पोर जसं बघतं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगेन म्हणून वाट बघत राहिल्या.

मी उरलेले कप पुढं सरकवले.

"चहा घ्या ना," मी म्हटलं, "गार होतोय."