आयेच्या तोंडचा गो

मी एक जुना शब्द आहे. एकाच अक्षराचा. माझं नाव गो.

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्यात मिरवण्यासारखं काही नाही. मला एकट्याला धड अर्थसुद्धा नाही. मी आपला बायकांच्या नावामागून चालतो. ‘विमले गो’, ‘काय गो, जेवलीस?’ एवढंच माझं काम. पुण्याकडे माझ्या जागेवर ‘गं’ असतो, इस्त्रीच्या कपड्यांतला. मी रत्नागिरी जिल्ह्यातला, त्यातही मंडणगडच्या डोंगरातला, चिखलाच्या पायांचा.

माझा जन्म कधी झाला ते मला ठाऊक नाही. कुणीतरी बाई या बांधावरून त्या बांधावरच्या बाईला हाक मारत असेल, आणि नाव वाऱ्यावर उडून जाऊ नये म्हणून तिनं शेवटी मला अडकवलं असेल. तेव्हापासून राबतोय. लावणीच्या चिखलात राबलो, विहिरीवर राबलो, बाळंतिणीच्या उशाशी बसलो. माझं कौतुक असं कुणी केलं नाही, पण माझ्यावाचून त्यांचं अडायचं मात्र.

माझ्या नावाचे जगात पुष्कळ आहेत म्हणे. संस्कृतात गो म्हणजे गाय. इंग्रजीत गो म्हणजे जा, हे तर तुम्ही पहिलीतच शिकलात. जपानात गो म्हणजे पाच, आणि काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा एक मोठा अवघड खेळही तिथे याच नावाचा. पोलंडात गो म्हणजे ‘त्याला’. सर्बियात मात्र गो म्हणजे नागडा. हे कळलं तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं. फक्त बंगालात कुणी एक आहे, माझ्यासारखाच. तिथे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, ‘ओ गो’ म्हणून साद घालत. तो माझा खराखुरा भाऊ असावा. बाकीच्यांना काही ना काही किंमत आहे. मी नुसती हाक.

आमच्या वाडीत विमला नावाची बाई आहे. तिचा नवरा रामा मुंबईला एका कापडाच्या दुकानात कामाला, सणासुदीला घरी येणारा. घर, गुरं, भाताची खाचरं हे सगळं विमलाच्या अंगावर. ती बोलायला लागली की दर वाक्यात मी असायचोच. गाईलाही ‘चल गो’ आणि कोंबडीलाही ‘हट गो’. आणि गावदेवीलासुद्धा गोच.

शिमग्यात देवीची पालखी घरोघर फिरते हे तुम्हाला माहीत असेल. आमच्या वाडीची रीत अशी की पालखी घरापुढच्या खळ्यात टेकली की घरच्या बाईनं ओटी भरायची आणि देवीशी बोलायचं. गाऱ्हाणं गुरव घालतो ते निराळं. हे बोलणं म्हणजे माहेरवाशिणीशी बोलावं तसं. ‘आलीस गो बाय? दमली असशील. बस जरा.’ मग विमला वर्षभराचं सगळं सांगायची. गाय व्याली गो, पाणी लांबलं गो, पोरीला नोकरी लागली गो. तिचं बोलून होईपर्यंत पालखी उचलत नसत. ढोलवालेही काठी खाली ठेवून थांबत. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला मानाचा दिवस तोच.

त्या पोरीचं नाव शमिका. लहानपणी ती मला तोंडात घेऊनच उड्या मारायची. पुढे शिकायला रत्नागिरीला गेली, वसतिगृहात राहिली. तिथल्या मुली तिची नक्कल करायच्या. ‘काय गो, कुठे गो, कशाला गो.’ सगळ्या हसायच्या. शमिकाही त्यांच्याबरोबर हसायची आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायची. त्या वर्षी तिनं मला जिभेवरून खाली उतरवलं. मला राग नाही आला. लाज वाटली. माझ्यापायी एका गुणी पोरीला रडावं लागलं, याची.

मग ती लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली. तिथेच तिला शुभंकर भेटला. मुलगा चांगला, आईवडील पुण्याचे. लग्न ठरलं. शुभंकरची आई राजश्रीताई म्हणाल्या, ‘तुमच्याकडचा शिमगा मला बघायचाय.’ झालं. शमिकाचा जीव टांगणीला लागला.

तिनं आईला फोन केला.

“आये, काकू येतायत. त्यांच्यासमोर गो नको गं म्हणूस.”

“मग काय म्हणू?”

“ताई म्हण, अहो म्हण. आणि एकमेकींशी बोलतानाही नको. गावंढळ वाटतं.”

विमलानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, “बरं गो.” आणि लगेच जीभ चावली. “बरं बरं. नाय म्हणत.”

मित्रांनो, पुढचे दिवस ती बाई मला गिळत होती. गाईला हाक मारताना सुद्धा मध्येच थांबायची, सराव करायची. गाय तिच्याकडे बघत राहायची.

पाहुणे आले. राजश्रीताई साध्या होत्या, खळ्यात फतकल मारून बसल्या, घावने मागून घेऊन खाल्ले. त्या कुणाला हसल्या नाहीत. पण विमलाच्या तोंडाला कुलूप. “अहो घ्या. अहो बसा.” यापलीकडे शब्द नाही. एरवी अखंड चालणारं तिचं तोंड असं बंद पाहून रामानं विचारलंसुद्धा, “काय, बरं नाय काय तुला?” शमिका मात्र खूश होती. सगळं नीट चाललं होतं.

दुपार कलली तशी पालखी आली. ढोल, सनई, गुलाल. खांद्यावरून नाचवत आणली आणि खळ्यात टेकवली. विमला ओटीचं ताट घेऊन पुढे झाली. नारळ ठेवला, तांदूळ वाहिले, खण ठेवला. ढोल थांबला. सगळे तिच्या बोलण्याची वाट बघू लागले. मी तिच्या जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिलो.

विमलानं एकदा लेकीकडे बघितलं. एकदा राजश्रीताईंकडे बघितलं. आणि म्हणाली, “या. बसा देवी. अहो, बसा.”

खळ्यात कुणाला काही कळेना. शेजारची म्हातारी हौसा तोंडाला पदर लावून हसली. “विमले, काय गो ह्या? देवीला अहो? सोयरीण हाय काय ती तुझी?”

पोरं खिदळली. विमला खाली मान घालून उभी. तिला आणखी काही बोलायचं होतं, ओठ हलत होते, पण माझ्यावाचून तिला देवीशी बोलता येत नव्हतं. या वर्षी तर सांगण्यासारखं केवढं होतं. पोरीचं लग्न ठरलं होतं. पुढच्या शिमग्याला पोर या घरची नसणार, परक्याची होऊन जाणार. हे देवीच्या कानावर घालायचं ते आजच. देवी काय रोज येते? विमलाचे डोळे भरले. तिनं ताट छातीशी धरलं आणि ती मागे सरकली.

“झालं काय, वयनी?” गुरवानं विचारलं.

तिनं मान हलवली, झालं म्हणून. ढोलवाल्यानं काठी उचलली. खांदेकरी वाकले.

शमिकाला तेव्हा कळलं. वसतिगृहात जे हसू तिच्या वाट्याला आलं होतं, तेच आज तिनं स्वतःच्या हातानं आईच्या पदरात टाकलं होतं. आईच्या दारात, आईच्या देवीसमोर. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाजूला शुभंकर, त्याची आई, अख्खी वाडी. तिचे कान लाल झाले. एवढ्या वर्षांत तिनं मला चारचौघांत तोंडातून काढलं नव्हतं. मी तिच्या घशात कुठेतरी अडगळीत पडलो होतो, धूळ खात. मला वाटलं, आता काही ही मला बाहेर काढत नाही.

पण ती पुढे झाली. पालखीच्या दांड्यावर तिनं हात ठेवला.

“बाय गो, थांब जरा,” ती म्हणाली. आवाज चिरका, अर्धा फुटलेला. “माझ्या आयेला बोलायचंय तुझ्याशी. मीच तिला गप्प केलंय.”

मग आईकडे वळून म्हणाली, “बोल गो आये. तुझं तुझं बोल.”

खांदेकरी पुन्हा सरळ झाले. विमला पुढे आली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि देवीच्या चांदीच्या मुखवट्यावर हात फिरवला, पोरीच्या तोंडावरून फिरवावा तसा.

“आलीस गो बाय,” ती म्हणाली. “रागावू नको हां. पोर माझी जाते गो यंदा. शानी हाय. मनानं वायट नाय. आमची जरा लाज वाटते तिला, तेवढं पोटात घाल. सांभाळ गो तिला.”

एवढंच बोलली. कुणी हसलं नाही. शमिका दांडा धरून तशीच रडत उभी राहिली. राजश्रीताई पुढे झाल्या. त्यांनी नुसतं विमलाच्या हातातलं ताट आपल्या हातात घेतलं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल त्या दिवशी माझी छाती फुगली असेल. नाही. मी अजून त्या वाक्यापाशी अडतो. ‘आमची जरा लाज वाटते तिला.’ विमलाला सगळं कळलं होतं, त्या फोनपासूनच, आणि तरी ती गाईसमोर उभी राहून सराव करत होती.

म्हणून हात जोडून सांगतो. तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा बारका, गावठी शब्द असेल. कुणीतरी त्यानंच तुम्हाला पाळण्यातून हाक मारली असेल. पाहुणे आले म्हणून त्याला आत कोंडू नका. त्याच्याबरोबर घरातलं एक माणूसही आत कोंडलं जातं.

लग्नानंतर शमिका पुण्याला असते, तिथल्याच एका कंपनीत. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून सोसायटीच्या जिन्यात शिरताना ती आईला फोन लावते. आधी आजूबाजूला बघते, कुणी ऐकत नाही ना म्हणून. अजून बघते. मग कुणी असो नसो, म्हणते, “काय गो आये, जेवलीस?”