पदराखालचा सौदा

विद्यापीठात एमबीएला गेल्यापासून मला वाटाघाटी शिकवणारे पुष्कळ भेटले, पण माझे आप्पा ज्याला सौदा म्हणतात तो त्यांतल्या एकालाही येत नव्हता. आप्पा, म्हणजे माझे वडील मुंजाजी, आमच्या आठवडी बाजारात शेळ्या-मेंढ्यांचे दलाल. दोघं जण एका रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव सांगतात, आणि ठरलेला भाव त्या दोघांशिवाय कुणाला कळत नाही. हाच विषय मी प्रोजेक्टला घेतला. मॅडम खूश झाल्या आणि लगेच म्हणाल्या, "नुसतं बघून लिहिलेलं नको. एक तरी सौदा स्वतः कर, नाहीतर विषय बदल." मुदत सोमवारची, त्याआधी बाजार एकच.

विषय बदलणं माझ्या स्वभावात नाही. पण तरण्या पोरीचा हात रुमालाखाली धरणार कोण? आमचा बोकड घेऊन मी सकाळपासून उभी. एकानं बोकडाचे दात बघितले, मग मला बघितलं आणि म्हणाला, "आप्पाला पाठव." दुसऱ्यानंही तेच. तिसऱ्यावर मी भडकलेच. "कावून? माझ्या हाताला काटे हायेत का?" तो गर्दीत पसार झाला. आप्पा लिंबाखाली बसून हसत होते. मला रडू येत होतं, आणि राग त्याहून जास्त.

उन्हं चढल्यावर लिंबागणेशच्या अर्जुनरावांची जीप आली. मोठे बागायतदार, चार गावांचं राजकारण त्यांच्या ओसरीवर ठरतं. कंदुरीच्या जेवणाला बोकड हवा होता, आणि आमचाच त्यांच्या मनात भरला.

"ये मुंजाजी, घाल हात."

"सौदा अंजू करनार हाय, मालक," आप्पा उठलेसुद्धा नाहीत. मला त्यांना तिथंच मिठी मारावीशी वाटली.

अर्जुनराव चांगलेच अवघडले. "लेकीच्या वयाची पोर ती. चारचौघांत हात कसा धरू?"

तेवढ्यात जीपमधून त्यांच्या पत्नी, बायनाबाई, खाली उतरल्या. "मी धरते की. कंदुरी माझ्या नवसाची हाय."

त्यांनी पदर पुढं केला, मी खाली हात घातला. कुठलं बोट कशाचं ते मी त्यांच्या कानात सांगितलं आणि भाव दाबला. त्यांनी माझी बोटं झटकून टाकली! परत दाबला, परत झटकला. सगळा बाजार भोवती गोळा झाला. काकूंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलत नव्हती, मला मात्र घाम फुटला होता. शेवटी त्यांनी माझा पंजा गच्च धरला आणि हसल्या. माझा पहिला सौदा! मी ओरडलेच.

अर्जुनरावांनी पाकीट काढलं. "कितीला ठरला?"

"ते सांगायचं नसतंय," बायनाबाई म्हणाल्या.

"आगं, पैसे मी देनार हाय!"

"बाजाराची रीत हाय. इचारा मुंजाजीला."

आप्पांनी गंभीरपणे मान हलवली. "खरं हाय, मालक. ज्यांचे हात, त्यांचाच भाव."

अर्जुनरावांनी आजूबाजूला बघितलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. मग त्यांनी गुपचूप अख्खं पाकीट बायकोच्या हातात ठेवलं. काकूंनी पाठ फिरवून माझे पैसे चुकते केले, पाकीट कमरेला खोचलं आणि मला म्हणाल्या, "पुढल्या बाजारी ये बरं. म्हैस बी घ्यायची हाय."