आईचं उतरवलेलं नाव

कानावर चढवलेल्या हेडफोनच्या काळ्या गादीचा एक कोपरा उसवलेला — डोळ्यांना नाही, बोटाला कळलं; हल्ली रेत्नोच्या बोटांनाच आधी कळतं — दोन टाक्यांचं काम, सुई असती तर इथेच, बँकेच्या टेबलावर... आणि तेवढ्यात त्या गादीतून कुणीतरी आईचं नाव घेतलं.

"कुसुमानिंग्रुम." घोगरा बायकी आवाज, नावाच्या आधी घेतलेला एक श्वास.

"हीच ती, इबू," बाई म्हणावं तसं 'इबू' म्हणत समोरची बँकेतली अनिंद्या बोलली. कोवळी पोर, पण नोकरीनं बोलणं सपाट झालेलं. "तुमच्या नावानं फोन केला. जन्मतारीख बरोबर, आईचं नाव बरोबर. खात्याला जोडलेला फोन नंबर बदलून घेतला आणि ईदच्या आधी खातं धुऊन नेलं. आवाज ओळखीचा वाटतो?"

"पुन्हा लाव बघू."

डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे. लोकांच्या लग्नाचे ब्लाऊज शिवून शिवून साठवलेले... ओळख पटवायला बँक प्रत्येकाला विचारते, आईचं नाव काय. सुमार्नी — ते तर सोलो शहरातल्या निम्म्या बाजाराला ठाऊक! म्हणून रेत्नोनं मोठ्या हुशारीनं ते दुसरं दिलं होतं, उतरवलेलं. आजोबा गाडीवान, पण लेकीचं नाव राजवाड्यातलं. पोर सारखी तापानं फणफणायची. शेवटी पणजी कडाडली, "नाव पेलत नाहीये पोरीला, उतरवा ते!" लाल-पांढरी पेज शिजवून घरोघर वाटली आणि कुसुमानिंग्रुमची सुमार्नी झाली. उतरवलेलं नाव पुन्हा घ्यायचं नाही, दुखणं परत येतं. आईनं जन्मभर घेतलं नाही. शेवटच्या दुखण्यात मात्र, कशाचंच भय उरलं नव्हतं तेव्हा, दोघी लेकींना जवळ ओढून कानात सांगितलं. दोघींना. मला आणि वेनिंगला. अगं शहाणे, एवढं कुलूप लावलंस, आणि दुसरी किल्ली?

विसरले नव्हते मी. वेनिंग म्हणजे काय दुसरं कुणी होतं?

एका चटईवर वाढलो. माझे जुने ब्लाऊज उसवून, लहान करून तिला दिले. या ईदलाही आली, रीतीप्रमाणे धाकटी म्हणून माझ्यापुढे गुडघे टेकले, माझ्या हातावर कपाळ ठेवलं — "ताई, कळत-नकळत झालं असेल ते सगळं पोटात घाल." हे तर सगळेच म्हणतात, दरवर्षी, कोण कान देऊन ऐकतं? पण ती उठेचना. माझा हात ओला झाला तसं मी हसले, "घातलं गं बाई, घातलं! ऊठ आता, रस्सा गार होतोय."

घातलं म्हणाले मी. माझ्या तोंडानं म्हणाले.

"इबू?" अनिंद्या पुढे वाकली. "आवाज अनोळखी आहे म्हणालात, तर नाव तुम्हीच कुणाला तरी सांगितलंत असं वरचे धरतील; मग पैसे मिळणं कठीण. ओळखत असाल तर पोलिसांत तिचं नाव द्यावं लागेल. मधला रस्ता नाहीये."

"अजून एकदा लाव."

तोच श्वास. आईसुद्धा असाच घ्यायची, काही जपून सांगायचं असलं की. चोरी करतानाही मेलीनं ते नाव घाईनं फेकलं नाही... आईच्या मागे हे नाव कुणी मोठ्यानं घेतलेलं रेत्नोनं ऐकलं नव्हतं. वेनिंगला पोलिसांनी नेलं तर ते माझ्या एकटीपाशी उरेल. ते नाव जाणणारी दोन माणसंही उरणार नाहीत. रेत्नोला रडू फुटलं, भरल्या बँकेत, आवरेना.

अनिंद्यानं पाण्याचा पेला पुढे सरकवला. आता ती बँकेची वाटत नव्हती.

"घरी जाऊन विचार करा. खातं मी बंद ठेवते. फक्त आईच्या नावाऐवजी दुसरं उत्तर आजच द्या. असं काहीतरी, जे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही."

रेत्नोनं पेला तसाच धरला. कुणालाच... म्हणजे वेनिंगलाही. लग्नाआधीचा तो बासरीवाला? त्याचे निरोप तिनंच आणले. पाडलेलं मूल? तेव्हा घमेलं तिनंच धरलं होतं. नवऱ्याचा मार? पाठ तिनंच शेकली. पन्नाशी उलटली माझी, आणि वेनिंगला ठाऊक नाही असं माझ्यात बोटभरही सापडेना.

"काहीही चालेल, इबू. लहानसंसुद्धा."

एक आहे, रेत्नोला वाटलं. मी तिचा आवाज ओळखला, हे. आयुष्यात पहिल्यांदाच वेनिंगपासून लपवावं असं काहीतरी माझ्यापाशी होतं.