नंदाच्या गळ्यातला खिळ्यांचा पट्टा

मी खिळ्यांचा पट्टा बोलतोय. लांबूनच ऐका राव. जवळ आलात तर टोचेन, आणि मला लई आनंद होईल.

जन्मानं मी सायकलचा टायर. शिनोलीच्या मास्तरांना रोज शाळेत न्यायचो. माझं शिक्षण भिंतीला टेकून खिडकीतून ऐकू आलं तेवढंच. पण साहेब तपासणीला यायच्या दिवशीच पंक्चर व्हायची विद्या माझी मी शिकलो. जन्मभर खिळ्यांना भ्यालो, आणि म्हातारपणी चपला शिवणाऱ्या सावळारामानं मला कापून खिळेच अंगात ठोकले. उसात बिबट्या आला तर राबणाऱ्या माणसाचं नरडं वाचावं म्हणून.

शेतकरीण नंदानं मला घातलं. तिला एकदा बांधावर बिबट्या दिसला होता. तो जांभई देऊन निघून गेला, तिची भीती काही गेली नाही. माझे चांगले दिवस आले. आधी उसात, मग गोठ्यात, मग चुलीपुढं भाकरी थापतानाही मी गळ्यात. एस्टीत तिच्या शेजारी कुणी बसेना. नवरा मच्छिंद्र तर हातभर लांबूनच बोलायचा. छाती धडधडली की तिचा हात माझ्यावर. स्वयंपाकघरात बिबट्या आला नाही, याचं श्रेयही मीच घेतलं.

मग लेकीचा, हर्षालीचा साखरपुडा येडगावला ठरला. नंदा म्हणाली, पट्टा घालूनच येईन. पावण्यांना टोचायला मी तयारच होतो. हर्षाली हळूच म्हणाली, "आई, ह्यो पट्टा येणार आसंल तर तू येऊ नगंस."

नंदा दिवसभर जेवली नाही. शेवटी मच्छिंद्रनं तिला दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. म्हटलं, ही शहरातली बाई मला काय ओळखणार? बाई म्हणाल्या, "उसात बिबट्या खरा आहे, तिथं घाला. चुलीपुढं काढा आणि धडधडू द्या. धडधड चढते तशी आपोआप उतरते. ती उतरायच्या आधीच तुम्ही पट्टा घालता, म्हणून वाटतं पट्ट्यानं वाचवलं."

माझं बिंग दोन मिनिटांत फोडलं. चोंबडी कुठली!

दुसऱ्या दिवशी मी खुंटीवर. चुलीपुढं नंदाला घाम फुटला. दोनदा उठून तिनं मला गळ्यात अडकवलं, मी फुगलो. तिसऱ्यांदा नुसता हात पुढं केला, थांबली, आणि परत पिठात घातला. ती भाकरी वेडीवाकडी झाली. मच्छिंद्र मुकाट जेवला, बावळट. मग गोठा. मग एस्टी. मधे चार दिवस पुन्हा माझ्याकडं पळाली, पण बाईंनी परत पहिल्यापासून करायला लावलं.

साखरपुड्याच्या सकाळी नंदा दारातून मागं फिरली. खुंटीकडं आली. मी खिळे सरसावले. तिनं माझ्याशेजारची पिशवी घेतली आणि गेली.

आता उसात जाताना घालते, आली की विळ्याशेजारी टांगते. माझ्याकडं बघतसुद्धा नाही. खिळे गंजले, रुबाब गेला.

तुमच्यात कुणी भित्रं असेल तर बोलवा. कुठल्याही गळ्याला बसेन. मला घातलंत की तुमच्या स्वयंपाकघरात बिबट्या येणार नाही, ही माझी हमी.