रात्रीचं औषध

माझं तोंड फटकळ हाय, हे गावापासून चुडाव्याच्या ठेसनापस्तोर सगळ्यांला ठावं हाय. शेजारची छबूबाई तर म्हणती, बायनाबाई बोलायला लागली की कुत्रंबी रस्ता बदलतं. म्हणू द्या. पण त्या दिवशी पूर्णेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं मला एक साधा सवाल इचारला, आन माझ्या तोंडातून खरं निघंना. लेकराला काय पाजलं, किती पाजलं आन कवा पाजलं? एवढंच इचारलं होतं तिनं.

सांगते सगळं. मधी मधी बोलू नका.

दिवाळी झाली आन माझा पोरगा महारुद्र ऊस तोडायला कारखान्यावर गेला. दर वर्षी त्याच्यासंगं माझी सून पंकजा जाती. औंदा ती मागं राहिली, कामून की भक्तीच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठायल्या होत्या. भक्ती म्हंजे माझी नात, तीन वर्षांची. रात्र झाली की खाजवून खाजवून रगत काढायची. असलं लेकरू उसाच्या फडात न्यायचं कसं? मगं महारुद्र चुलतभावासंगं गेला आन घरात आमी तिघी राहिलो.

डॉक्टरीणबाईनं भक्तीला पातळ औषध दिलं. गोड, गुलाबी रंगाचं. बाटलीसंगं प्लास्टिकची उलीशी वाटी, तिच्यावर रेघा.

"रात्री झोपताना ह्या रेघेपर्यंत, एकदाच," ती म्हणली. "याच्यानं गुंगी येते. दिवसा द्यायचं नाही, अंदाजानं द्यायचं नाही. आणि बाटली लेकराचा हात पोचेल अशा जागी ठेवायची नाही."

मी मान डोलवली. मनात म्हणलं, दोन लेकरं वाढवलेली बाई मी, ही कालची पोरगी मला काय शिकवायली!

औषध गुणाचं निघालं. पयल्या रात्री भक्ती अशी झोपली की पंकजा दोनदा उठून तिच्या नाकापुढं हात धरून आली. चार दिवसांत खाज कमी झाली, रगत थांबलं. ती रेघांची वाटी मातर कुठं हरपली. मी देवळीत बघितलं, चुलीमागं बघितलं, मांजराला शिव्या दिल्या, सापडली न्हाई. मगं पंकजा घरातल्या चमच्यानंच द्यायला लागली. मीबी काय बोलले न्हाई. चमचा तो चमचा, त्याच्यात काय एवढं! बाटली देवळीतच, उदबत्तीच्या पुड्याजवळ उभी असायची.

खाज गेली, पण लेकराचं रडणं गेलं न्हाई. बापाची लय सवय तिला. सकाळी उठली की "पप्पा कुठंय?" आन मगं उंबऱ्यात बसून जो सूर लावायची, तो दुपारपस्तोर. पंकजा आठ वाजता लोकाच्या रानात कापूस वेचायला जायची, ती दिवस मावळताना यायची. दिवसभर ते लेकरू आन मी. माझे गुडघे कामातून गेलेले. हिला कडेवर घेऊन उठायचं म्हणलं की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. आन घरचं काम काय थांबतंय? पाणी, धुणं, भांडी.

पंकजा रानातून अर्धमेली होऊन यायची आन तशीच चुलीपुढं बसायची. मला ते बघवायचं न्हाई. आता हे तोंडानं तिला कधी सांगितलं न्हाई, उलट "भाजीत मीठ कमी पडलं" असंच म्हणले असन. पण जीव तुटायचा. वाटायचं, एक दिवस तरी हिला गरम भाकर आयती मिळावी.

त्या दिवशी भक्ती सकाळधरनं किरकिरायली होती. डोळे पेंगुळलेले, पण नीट झोपंना, नुसती कुरकुर. मला एक घागर आणू देईना. मी गूळ दिला, बाहुली दिली, एक धपाटाबी दिला. कायच चालंना. दहा वाजले तवा मी देवळीतली बाटली काढली. देवाशपथ, मनात पाप नव्हतं. म्हणलं, रात्री गुण देतंय ते दिवसा काय इख हुतंय का? बाटलीचंच झाकण काठोकाठ भरलं आन पाजलं. गोड म्हणून तिनं ओठ चाटले. वर म्हणती, "आजी, अजून."

अजून दिलं न्हाई, तेवढी अक्कल देवानं ठेवली.

जराशानं झोपली. मी पाणी भरलं, धुणं धुतलं, सुनेसाठी वांग्याची भाजी टाकली, भाकरी थापल्या. किती दिवसांनी घर निवांत होतं. मी गाणं गुणगुणायले होते हो! ते आठवलं की आजबी माझी मला लाज वाटती.

बारा वाजता जेवायला उठवायला गेले, तर उठंना. गाल लालबुंद, ओठ कोरडे, अंग कढत. हाक मारली, गदागदा हलवलं. डोळे उलीसे उघडले, पण माझ्याकडं बघितलंच न्हाई. हात वर धरून सोडला की धपकन खाली पडायचा. श्वास घेताना घरघर वाजायली होती.

मी बोंब मारली तशी छबूबाई पळत आली. तिनं लेकराकडं बघितलं आन तांब्यात मीठ कालवायला लागली. "पाज बाई, उलटी होऊ दे, सगळं भाईर पडंल."

पाजणारच होते मी. तेवढ्यात आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या मंजुषाताई आवाज ऐकून आत आल्या आन त्यांनी तांब्याच हिसकावला. "शुद्ध न्हाई त्या लेकराला पाणीबिणी पाजतेत का? घशात अडकंल!" त्यांनी भक्तीला कुशीवर वळवलं, तिची मान नीट केली. मगं माझ्याकडं वळल्या. "काय पाजलंय का हिला?"

माझी नजर देवळीकडं गेली. मंजुषाताईनं ती बघितली, बाटली उचलून पिशवीत घातली आन भाईर जाऊन ऑटोवाल्या गोपीचंदला ऑटो काढायला लावला.

पंकजा ज्या रानात होती ते सडकेलाच. कमरेला कापसाची ओटी बांधलेली, हाक मारली तशीच पळत आली आन ऑटोत चढली. "काय झालं, आत्याबाई?"

"उठंना गं," मी म्हणलं. एवढंच.

तिनं लेकरू मांडीवर घेतलं. मगं तिला मंजुषाताईच्या पिशवीतली बाटली दिसली, आन तिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, झालं, हिला कळलं. हिच्या मनात माझ्याबद्दल इख पडलं. पूर्णा येईपस्तोर ती लेकराचे तळपाय चोळत राहिली. ओटीतला कापूस वाऱ्यानं ऑटोभर उडायला होता, तिचं तिकडं ध्यान नव्हतं.

मला खरं सांगवंना. लेकराचं काय हुतंय, हे भ्याव तर होतंच. पण खरं सांगते, त्याच्यासंगं दुसरं एक भ्याव होतं. मी हे कबूल केलं तर ही पोर पुन्हा कधी लेकरू माझ्यापाशी ठेवणार न्हाई. म्हातारपणी माझ्याकडं दुसरं हाय तरी काय? गुडघे गेले, मालक गेले. हे एक लेकरू तेवढं "आजी, आजी" करत मागं फिरतं.

दवाखान्यात भक्तीच्या नाकाला नळी लावली, बोटाला चिमटा लावला. डॉक्टरीणबाईनं डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आन मगं तो सवाल इचारला. काय, किती, कवा?

"रात्रीचंच," मी म्हणलं. "न्हेमीसारखं."

तिनं बाटली उजेडाला धरली. "आजी, मला कुणाला रागवायचं नाही. पोटात किती गेलंय ते कळलं तरच मला पुढचं ठरवता येतं. तुम्ही लपवलंत तर त्यानं माझं नुकसान नाही, हिचं आहे."

मी भक्तीकडं बघितलं. उलीशी छाती वर-खाली व्हायली होती. मी पदर तोंडाला लावला आन सुनेच्या देखत सांगितलं, "एक झाकण. काठोकाठ. दहा वाजता मीच पाजलं."

डॉक्टरीणबाईनं लिहून घेतलं. पण तिनं बाटली खाली ठेवली न्हाई. "एका झाकणानं बाटली इतकी उतरत नाही. आणखी गेलंय. कधी?"

"देवाची आण! एकच झाकण! माझ्या लेकराची आण घेते!" माझा आवाज चढला. खोटं बोलले तवा हळू बोलले होते, आन खरं बोलताना ओरडायले.

मागं काहीतरी धप्पकन वाजलं. पंकजा फरशीवर बसली होती. ओटी सुटून कापूस सगळीकडं पसरला होता.

"मी दिलं," ती म्हणली. "सकाळी सातला. दुधात घालून. मोठा चमचा, भरून. तीन दिस झाले, रोज सकाळी देते."

मला आधी कळलंच न्हाई. "तू? आन कामून गं?"

"तुमचे गुडघे, आत्याबाई," ती रडायला लागली. "रात्री तुमी कण्हता ते मला ऐकू येतं. दिवसभर ती तुमच्या अंगावर. म्हणलं, सकाळचं दोन घंटे झोपली तर तेवढाच तुमाला इसावा. तुमाला सांगितलं असतं तर तुमी दिऊ दिलं नसतं."

अगं माय माय माय! सकाळी पेंगुळलेलं लेकरू मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. झोपेत असलेल्या लेकराला मी वरून झाकणभर झोप पाजली.

डॉक्टरीणबाई मातर कामाला लागली. सलाईन लावलं, नर्सला पलंगाजवळच उभं केलं. "आता कळलं," ती म्हणली. "याच्यावर उतारा म्हणून एखादं इंजेक्शन देऊन भागत नाही. श्वासावर नजर ठेवायची आणि वाट बघायची. वेळेत आणलंत, बाटली आणलीत, हे बरं केलंत."

आमी भाईर बाकड्यावर बसलो. ती त्या टोकाला, मी ह्या टोकाला. मला वाटत होतं, काहीतरी बोलावं, पण जे यायचं ते शिवीच व्हायची, आन शिवी द्यायची तर कुणाला? शेवटी मी म्हणलं, "घरी वांग्याची भाजी करून ठिवली. भाकरीबी. तू आलीस की आयतं वाढावं म्हणून झोपवलं गं तिला."

पंकजा सरकत सरकत माझ्याजवळ आली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती पोरगी जी रडली! लग्नाला सहा वर्षं झाली, पण माझ्या अंगाला अंग लावून ती पयल्यांदा बसली. मीबी रडले. खोटं कामून बोलू?

दिवस मावळताना नर्सनं आत बोलावलं. भक्तीनं डोळे उघडले होते. माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं आन म्हणली, "पाणी." एवढ्या एका सबदावर मी दवाखान्यातल्या सगळ्या देवांच्या फोटोंना हात जोडून आले.

एक रात्र ठेवून घेतलं. सकाळी सोडताना डॉक्टरीणबाईनं आमाला दोघींला पुढं उभं केलं. "हे झोपेचं औषध नाही. आठ दिवस बंद. मी पुन्हा तपासून सांगितलं तर द्यायचं, रात्रीच, मापानंच. वाटी नसेल तर माझ्याकडून दुसरी न्या, चमचा-झाकण नाही. बाटली कुलपात. आणि देणारा हात एकच पाहिजे. कुणाचा, ते तुम्ही ठरवा."

"हिचा," मी लगेच म्हणलं. पंकजा काय बोलली न्हाई.

घरी आल्यावर तिनं महारुद्रला फोन लावला. मी कान टवकारून बसले. वाटलं, आता माझं नाव निघतंय. ती म्हणली, "आमच्या दोघींकडून चूक झाली. लेकरू बरं हाय." दोघींकडून म्हणली. मी पदरानं डोळे पुसले आन उगीच चुलीवर आरडले, की लाकडं वली हायेत.

झाडताना रेघांची वाटी सापडली. भक्तीच्या भातुकलीत होती, बाहुली तिच्यात चहा पीत होती. मी ती धुतली, दोऱ्यानं बाटलीच्या गळ्याला बांधली आन बाटली पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं. किल्ली पंकजाच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता पंकजानं कमरेला ओटी बांधली. मी भिंतीला टेकून बसले होते, तिच्याकडं बघत नव्हते. मला ठावं होतं, आता ती भक्तीचं टोपडं घालणार, तिला उचलून रानात नेणार. न्यायलाच पाहिजे, मी म्हणलं मनाशी. तुझ्यासारखीपाशी कोण ठेवंल?

पंकजा आली आन तिनं भक्तीला माझ्या मांडीवर बसवलं. मगं पेटीची किल्ली माझ्या पदराच्या टोकाला बांधली, दोन गाठी मारून.

"अगं, देणारा हात तुझा ठरला ना?" मी म्हणलं.

"तुमी ठरवला. मी कुठं काय म्हणले?" ती म्हणली. "आन आत्याबाई, पाणी मी रानातून आल्यावर भरते. भाकरीबी मी आल्यावर दोघी मिळून करू. ती रडली तर रडू द्या."

ती गेली. कोपऱ्यावरून वळली तोवर भक्तीनं इकडं तिकडं बघितलं, खालचा ओठ काढला आन सुरू केलं. "पप्पा कुठंय?" अख्खी आळी गोळा होईल असा सूर. छबूबाईनं कुडाआडून इचारलं, "काय गं, पुन्हा लागली का पोरगी?"

"लागू दे!" मी वरडले. "तुझ्या काय पोटात दुखायलं?"

मगं मी त्या लेकराला छातीशी धरलं आन तिच्या कानात म्हणलं, "रड माझी माय. पाहिजे तेवढं रड."