आवाज माझा गेला नव्हता

मी लिकेंबे बोलतोय. हो, बोलतोय! हे आधीच ठणकावून सांगतो, कारण मध्यंतरी याच घरात मी मुका झालो अशी माझी बदनामी झाली होती. ती कशी झाली आणि कशी पुसली गेली, तेवढंच तुम्हाला सांगायचं आहे.

दिसायला मी अगदी साधा. दोन तळहातांत मावेल एवढी लाकडी पेटी, आतून पोकळ. वर लोखंडाच्या पट्ट्या शेजारीशेजारी बसवलेल्या, कुणी लांब, कुणी आखूड. पेटी हातांत धरायची आणि अंगठ्यांनी पट्ट्या छेडायच्या, की मी गाऊ लागतो. प्रत्येक पट्टीत तारेचं एक सैल कडं आहे. त्यामुळे सुराबरोबर बारीक झणझण निघते. नवख्या माणसाला वाटतं, काहीतरी ढिलं झालंय, आवळा याला. अहो, ती झणझण हीच तर माझी चव! ती काढलीत तर मी म्हणजे बिनमिठाची भाजी.

माझा जन्म किन्शासा शहरातल्या माटेटे वस्तीत, पापा माकायांच्या हातून झाला. पापा तेव्हा तरणेबांड होते आणि सुतारकाम करायचे. पलीकडच्या गल्लीत लुझोलो नावाची शिवणकाम करणारी मुलगी राहायची. तिची मोडकी छत्री "दुरुस्त करून देतो" म्हणून या गृहस्थांनी घेतली, तिच्या काड्या काढल्या, दगडावर ठोकून चपट्या केल्या आणि मला बसवल्या. लुझोलो छत्री मागायला आली तेव्हा तिच्यापुढे मला धरलं आणि एक गाणं वाजवलं.

लुझोलो कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "छत्री तर मोडलीसच, आता निदान वाजव तरी धड!"

झालं! ती धड वाजवायला शिकवण्यासाठीच या घरात आली म्हणा ना. पुढची सगळी वर्षं पापा अंगणात मला वाजवायचे आणि ती आत शिवणयंत्रावर बसून बोलायची, "ती तिसरी पट्टी चढलीय. खाली घ्या." मी कितीतरी लग्नांत वाजलो, बारशांत वाजलो, मयताच्या घरी रात्रभर वाजलो. सुख होतं, नाही कशाला म्हणू?

त्यांची मुलगी मातोंदो. तिला लहानपणापासून वस्तू उघडून बघायची खोड. घरातला रेडिओ तिने इतक्यांदा उघडला की शेवटी त्याचं झाकण लावायचंच आम्ही सोडून दिलं. आता बाजाराच्या टोकाला तिचं दुरुस्तीचं टेबल आहे. मेलेले पंखे, मुके रेडिओ, जळक्या मोटारी असा सगळा दवाखाना तिथे भरतो.

मग लुझोलो गेली. आजारपण थोडक्यात आटोपलं. त्यावर मी जास्त बोलत नाही, माझ्याच्याने बोलवत नाही.

तिच्या माहेरची एक रीत आहे. बायको गेली की नवऱ्याने वर्षभर काळे कपडे घालायचे आणि वाद्याला हात लावायचा नाही. वर्ष भरलं की मोठं जेवण करायचं. तेव्हा पहिलं गाणं त्यानेच वाजवायचं, माहेरच्या बायकांनी त्यावर नाचायचं, मग त्याचे काळे कपडे उतरवायचे. गाणं झालं नाही, तर सुतक फिटलं नाही असं धरतात आणि तो माणूस काळ्यातच राहतो.

म्हणून पापांनी मला लुझोलोच्या फुलाफुलांच्या कापडात गुंडाळलं आणि कपड्यांच्या ट्रंकेत ठेवलं. वर्षभर मी अंधारात पडून होतो. बाहेरचं बोलणं तेवढं कानावर यायचं. शेजारी म्हणायचे, "माकाया बोलतच नाही हो. हाक मारली तरी ओ देत नाही. फार मनाला लावून घेतलंय." मलाही तेच वाटायचं. दुःखी माणूस गप्प असतो, यात नवल ते काय?

वर्ष सरत आलं तशी लुझोलोची थोरली बहीण, याया लेंबा, दिवस ठरवायला आली. याया म्हणजे ताई, पण हिचा आवाज असा की सगळी गल्लीच तिची धाकटी भावंडं वाटावी. दिवस ठरला, सरावापुरता वाद्याला हात लावायची परवानगीही तिनेच दिली, आणि त्या संध्याकाळी पापांनी मला बाहेर काढलं, कापड सोडलं, धूळ पुसली आणि अंगठे टेकवले.

मी गायलो हो! वर्षभराचं साठलेलं सगळं घेऊन गायलो. पापांनी भुवया आवळल्या, मला हलवलं, पुन्हा छेडलं, पेटीच्या भोकात फुंकर मारली.

"आवाज गेला याचा," पापा म्हणाले.

मी थक्कच झालो! दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्ट्या घासल्या. मग हातोडी घेऊन कुठली पट्टी पुढे, कुठली मागे केली आणि माझे चांगले जुळलेले सूर पार विसकटून टाकले. "गंज चढलाय. लाकूड पोचट झालंय. हा माझा लिकेंबे राहिलाच नाही," असं दिवसभर चाललेलं. मी बिचारा ठोके खात होतो. शेवटी एके दिवशी त्यांनी मला चुलीजवळच्या लाकडांवर टाकलं आणि म्हणाले, "सांगा लेंबाला, गाणं होणार नाही. राहतो मी काळ्यात."

मातोंदो कामावरून आली ती तशीच थबकली. तिने मला लाकडांवरून उचललं आणि कोपऱ्यात बसून हळूच छेडलं. मी बेसूर झालो होतो, पण आवाज ठणठणीत होता. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पापांच्या पाठीकडे बघितलं.

"पापा," तिने हाक मारली. पापा हलले नाहीत.

"पापा!" यावेळी मोठ्याने. पापा आपले अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बसलेले.

मग तिने चुलीजवळचं पातेलं उचललं आणि फरशीवर सोडून दिलं. असा दणका झाला की कोंबड्या पळाल्या, शेजारीण डोकावली. पापांनी मान वळवली, पण ती कोंबड्या का पळाल्या हे बघायला.

मातोंदोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला कळलं आणि मलाही कळलं. बोलत नाहीत म्हणून आम्ही ज्याला दुःख समजलो, त्यात अर्धं बहिरेपण होतं. थोडंथोडं ऐकू कमी होत गेलं आणि त्या माणसाला स्वतःलाही पत्ता लागला नाही, कारण वर्षभर घर तसंही शांतच होतं.

आता हे त्यांना सांगायचं कसं? पापा तरुणपणापासून म्हणत आलेले, "हात गेले तर चालतील, पण कान गेले तर मला वाजवणारा म्हणू नका." त्या माणसाला तोंडावर कसं सांगणार?

ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाली, "खरंय पापा, याचा आवाज बसलाय. म्हातारा झालाय तो. मी त्याला विजेचं बळ देते."

माझ्या नावावर सरळ थाप! म्हातारा कोण, बसला कोण, आणि औषध कुणाला! पण मी गप्प राहिलो. पोरगी बापाची लाज राखत होती. तेवढी बदनामी मी आनंदाने सोसली.

मग घरात कारखानाच सुरू झाला. मोटारीच्या भंगारातून मातोंदोने एक लोहचुंबक आणलं. मेलेल्या पंख्यातून केसासारखी बारीक तांब्याची तार सोडवली. ती गुंडाळायला काय घ्यावं? इकडेतिकडे शोधून तिने आईच्या शिवणयंत्रातलं दोऱ्याचं लाकडी रीळ घेतलं आणि तेच यंत्र फिरवून त्यावर तार गुंडाळली. दोरा भरायची चाकी गरगर फिरायला लागली तसे पापा दारात येऊन उभे राहिले. ते यंत्र वर्षभर कुणी चालवलं नव्हतं. मग आत आले आणि तार धरायला बसले.

ते रीळ आणि चुंबक माझ्या पट्ट्यांखाली बसलं. छत्रीच्या काड्या लोखंडाच्या, त्यामुळे त्या हलल्या की चुंबकाला कळायचं आणि तारेतून ते पुढे जायचं. जुन्या रेडिओच्या पोटातली आवाज वाढवायची पाटी, खारवलेल्या माशांच्या खोक्यात बसवलेला भोंगा, आणि खोक्यावर बाटल्यांच्या बुचांची नक्षी. खोकं कितीही घासलं तरी माशाचा वास काही गेला नाही.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा मी किंचाळलो. काय ती शिट्टी! शेजारणीचं बाळ जागं झालं, कुत्री भुंकायला लागली. भोंगा मला फार जवळ ठेवला होता आणि त्याचा आवाज परत माझ्यातच शिरत होता. मातोंदोने तो अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेला. मग एकेक पट्टी सरकवत तिने माझे सूर जुळवले. आईने वर्षानुवर्षं आतून ओरडून सांगितलेलं सगळं तिच्या ध्यानात होतं.

पापांनी मला हातात घेतलं. पट्टी छेडली. भोंगा धडधडला.

पापांचं तोंड उघडंच राहिलं. पुन्हा छेडलं. मग पूर्ण ओळ वाजवली. "आला!" ते ओरडले. "पोरी, आला याचा आवाज! कुठे गेला होतास रे इतके दिवस?"

मला विचारता? कुठे जाणार मी, इथेच होतो! पण त्यांचा चेहरा बघून माझाही राग पळाला.

जेवणाचा दिवस उजाडला. अंगणात भाड्याच्या खुर्च्या, पोंदूच्या पालेभाजीची पातेली, केळीच्या पानात बांधलेले क्वांगा म्हणजे कंदाच्या पिठाचे उंडे, ताडीचे कॅन. शेजारच्या घरातून वायर ओढून विजेची सोय केली होती. याया लेंबा आणि तिच्याबरोबरच्या बायका एकसारख्या छापाची कापडं कमरेला गुंडाळून आल्या. भोंग्याकडे बघून याया म्हणाली, "हे काय? माझ्या बहिणीचा निरोप आहे की बाजारातल्या बसला प्रवासी बोलवायचे आहेत?"

"सुरू झालं की कळेल," मातोंदो म्हणाली.

पापा काळ्या कपड्यांत मधोमध बसले आणि तेच गाणं धरलं, छत्री मोडली त्या दिवशीचं. माझा आवाज भोंग्यातून निघाला आणि पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला. माझी झणझण तर अशी मोठी झाली होती की मलाच माझा अभिमान वाटला. याया लेंबाने टोमणे गिळले, कमरेचं कापड खोचलं आणि पाऊल टाकलं. बाकीच्या बायका तिच्यामागे. रीतीप्रमाणे गाणं शेवटपर्यंत जायला हवं होतं, आणि आम्ही अर्ध्यावर आलो होतो.

आणि वीज गेली!

आख्ख्या वस्तीतून "अरेरे" निघालं. भोंगा मेला. मी पुन्हा माझ्या जन्मजात आवाजावर आलो, दोन तळहातांएवढ्या. मातोंदोने डोक्याला हात लावला.

पापांचे अंगठे सवयीने थोडे पुढे गेले आणि मग अडखळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मेला पुन्हा!" ते पुटपुटले आणि त्यांनी हात काढला.

पण मान वर केली तर समोर बायकांचे पाय अर्ध्यात थांबलेले. सगळ्या त्यांच्याकडेच बघतायत. त्या भोंग्यापासून सरकून त्यांच्या अगदी जवळ आल्या होत्या.

पापांनी एक पट्टी छेडली. यायाचं पाऊल पडलं.

त्यांनी हात थांबवला. पाऊल थांबलं.

त्यांनी दोन पट्ट्या छेडल्या. दोन पावलं पडली.

पापा कितीतरी वेळ त्या पावलांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग मातोंदोकडे. ती रडत होती. आणि आमचे पापा एकदम मोठ्याने हसले, वर्षभरात पहिल्यांदाच!

"मातोंदो!" ते गरजले. "अगं, लिकेंबे धडधाकट आहे! बहिरा मी झालोय!"

"एवढं ओरडू नकोस," याया लेंबा म्हणाली. "आम्ही नाही झालो!"

सगळं अंगण खदखदून हसलं. पापांनी मला छातीशी धरलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "उगाच ठोकलं रे तुला." मग त्यांनी यायाच्या पावलांवर नजर ठेवली आणि उरलेलं गाणं वाजवलं. त्यांना त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. एक सूर चुकला नाही. शेवटच्या ओळीला याया नाचता नाचता रडत होती. मग तिनेच त्यांचा काळा सदरा काढला आणि फुलाफुलांचा नवा सदरा अंगात घातला.

आता माझं बरं चाललंय. खोटं कशाला सांगू, फारच बरं चाललंय. वीज असली की मी भोंग्यातून गरजतो आणि शेजारीपाजारी कुरकुरतात. पापांना कुणी काही सांगायला आलं की ते थाटात म्हणतात, "मोठ्याने बोला, मी बहिरा आहे," जणू काही पदवीच मिळालीय. मातोंदो आता त्यांच्या कानासाठीही काहीतरी जुळवतेय. रिळं उरलेली आहेत.

मंडळी, जाता जाता एक विनवणी. घरातली एखादी जुनी वस्तू मुकी झाली असं वाटलं तर तिला चुलीत घालू नका. आणि तिच्यावर चिडणाऱ्या माणसाकडेही जरा बघा, त्याला काय झालंय ते.

आज वीज नाही. पापा अंगणात बसलेत, मी त्यांच्या हातांत आहे. मातोंदो चपला काढून समोर उभी आहे आणि ते तिच्या पावलांकडे बघतायत. चला, माझी वेळ झाली. ऐकायचं असेल तर थोडं जवळ सरका.